मोटरहोममधला गॅस अलार्म उगाच वाजतोय? वायर तोडण्याआधी हे तपासा

जांबोटी-चोर्ल्याने गोव्याला जाणारी किंवा वेंगुर्ल्याच्या रस्त्याने आंबोलीकडे निघालेली, टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली राहण्याची गाडी आता बेळगाव-खानापूर भागात नवलाची राहिलेली नाही. अशा गाडीत नवख्यांना हमखास छळणारी एक गोष्ट असते. शेगडी बंद असते, कसलाच वास येत नसतो, सगळे झोपलेले असतात आणि रात्री अडीचला गॅस डिटेक्टर बोंबलायला लागतो. पोरं दचकून उठतात, कुणीतरी झोपेतच त्याची वायर उपसतं आणि दुसऱ्या दिवशी ती परत जोडायची राहून जाते. हा लेख त्या वायरीपर्यंत हात जाण्याआधी वाचायचा आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या डोक्यात नीट बसतील. स्वयंपाकाचा गॅस ओळखणाऱ्या साध्या डिटेक्टरला ‘एलपीजी’ असं वेगळं काही कळत नाही. त्याच्या आत टिन ऑक्साइडचा एक बारीक तुकडा तापवून ठेवलेला असतो. जळू शकणारी कुठलीही वाफ त्याला लागली की त्याचा विद्युतरोध उतरतो, आणि तो ठरलेल्या रेषेखाली गेला की भोंगा वाजतो. त्याला गॅस, थिनर, सॅनिटायझर, बॅटरीतून निघणारा हायड्रोजन सगळं सारखंच. म्हणून ‘खोटा’ अलार्मसुद्धा बऱ्याचदा खरंच बोलत असतो. हवेत काहीतरी असतं, फक्त ते सिलिंडरमधलं नसतं. ते काय आहे, हे क्रमाने शोधायचं.

एलपीजी हवेत साधारण १.८ ते २ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. डिटेक्टर त्याच्या दहाव्या ते चौथ्या हिश्श्यालाच, म्हणजे हवेत ०.२ ते ०.५ टक्के असतानाच वाजावा अशी त्याची रचना असते. इतक्या लवकर वाजणारं यंत्र अधूनमधून दुसऱ्या वाफेनेही वाजणार, हे धरून चाला.

जवळ काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर
- फवाऱ्याची बाटली आणि भांडी घासायचं लिक्विड
- दोन पाने. एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा
- १२ व्होल्ट, ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) सीलबंद बॅटरी (यूपीएसमध्ये असते ती), तीन मीटर दुहेरी वायर आणि १ अँपिअरचा फ्यूज
- गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, दीड-दोन मीटर
- टॉर्च, वही, पेन
- एबीसी पावडरचं अग्निशामक. हे गाडीत कायमच हवं, दाराजवळ

कागदांमध्ये डिटेक्टरची पुस्तिका (हरवली असेल तर त्याच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो), गॅसची पावती किंवा पुस्तक, नळी घेतल्याचं बिल आणि गाडी बांधणाऱ्याकडून वायरिंगचं व गॅस पाइपचं हाताने काढलेलं का होईना, चित्र. हे चित्र गाडी ताब्यात घेतानाच मागा. नंतर प्लायवूडच्या मागे कुठून काय गेलंय हे सांगणारं कुणी सापडत नाही.

## पायरी १: वाजला, आता पहिली पाच मिनिटे

प्रत्येक वेळी, अगदी दहाव्या वेळीसुद्धा, अलार्म खरा आहे असं धरूनच सुरुवात करा.

१. सगळी माणसं बाहेर. आधी मुलं आणि म्हातारी माणसं.
२. उठताना दार पूर्ण उघडा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे छताची खिडकी उघडून भागत नाही, खालपर्यंतचं दार उघडं हवं.
३. कुठलंही बटण आहे तसंच राहू द्या. चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. एक्झॉस्ट पंखा लावायचा मोह होतो, तोच सगळ्यात धोक्याचा. इंजिनही सुरू करू नका.
४. बाहेरून टाकीच्या कप्प्यापाशी जाऊन रेग्युलेटर बंद करा.
५. गाडीपासून लांब गेल्यावरच फोन लावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चोवीस तास चालतो. आग किंवा कुणाला भोवळ आली असेल तर ११२. दोन्ही क्रमांक हद्दीच्या अलीकडे-पलीकडे सारखेच. कोल्हापूर-पुण्याकडून आलेल्यांनी एक कन्नड वाक्य पाठ करून ठेवावं: ‘ग्यास लीक आगिदे, बेग बन्नी’. गॅस गळतोय, लवकर या. रात्री बैलहोंगल किंवा गोकाकच्या बाजूला आडरस्त्यावर मदत मागायची वेळ आली तर ते उपयोगी पडतं.

वास आला नाही म्हणून गॅस नाही, असं समजू नका. गळती कळावी म्हणून एलपीजीत मर्कॅप्टनचा उग्र वास मुद्दाम घातलेला असतो, पण सर्दी झालेल्याला तो येत नाही आणि बराच वेळ त्याच वासात बसलेल्याचं नाक मरतं. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाचं नाक जास्त भरवशाचं.

## पायरी २: वाजलं नक्की काय?

बऱ्याच गाड्यांत दोन डिटेक्टर असतात, एक एलपीजीचा आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा. काहींत दोन्ही एकाच डबीत. दोन्हींचा आवाज वेगळा असतो, दिव्याचा रंग किंवा लुकलुकणंही वेगळं. पुस्तिकेतला तो तक्ता फाडून डिटेक्टरशेजारी चिकटवा.

दर अर्ध्या-एक मिनिटाने एकच बारीक ‘टिक’ येत असेल तर तो गॅसचा इशारा नसतो. वीज कमी पडलीय, आतली बॅटरी संपतेय किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय, एवढंच ते सांगतं. सरळ पायरी ५ आणि ९ कडे जा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेल तर मात्र तो खोटा ठरवायची घाई मुळीच करू नका. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही लक्षणं गाडीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी दिसली तर उलगडा झालाच. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली थंडी बोचरी असते. उबेला म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावून झोपणं हे जिवावर बेतणारं आहे. निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण मोनॉक्साइड त्या निखाऱ्यांतूनच निघतो. तेच गॅस गीझरचं. गाडीच्या छोट्या बाथरूममध्ये साधा गॅस गीझर बसवून दिला असेल तर तो काढून टाका. त्याला दुसरा तोडगा नाही.

आता वही काढा आणि वाजल्याची वेळ, हवामान, त्या वेळी चालू असलेल्या वस्तू लिहा. तीन-चार नोंदींतच पुष्कळ कळतं:

- पहाटे दोन ते पाच: बहुधा बॅटरी उतरलेली. बंद गाडीत काही जळत असेल तर मोनॉक्साइड.
- भर दुपारी, गाडी उन्हात उभी: सोलरने बॅटरी जोरात चार्ज होतेय, किंवा नव्या फर्निचरच्या डिंकाची वाफ.
- फोडणी दिल्यावर लगेच: तेलाचा धूर, किंवा बर्नर पेटायला उशीर.
- इंजिन सुरू करताना: व्होल्टेज खाली गेलं.
- घाट चढताना: जोड हललाय, किंवा सायलेन्सरचा धूर आत येतोय.

## पायरी ३: गळती नाही याची खात्री

ही पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या कुठल्याही कारणाचा विचार करायचा नाही.

साबणाचं पाणी. अर्धा कप पाण्यात दोन चमचे लिक्विड. दारं उघडी, सगळ्या ज्योती बंद, शेगडीचे नॉब बंद, रेग्युलेटर चालू. मग या क्रमाने फवारा: टाकीचं तोंड आणि रेग्युलेटर यांमधला सांधा, रेग्युलेटर आणि नळी, नळीची पूर्ण लांबी (विशेषतः जिथे ती पत्र्याच्या भोकातून जाते), गाडीखालून गेलेल्या तांब्याच्या पाइपचे सगळे जोड, शेवटी शेगडीच्या नॉबचे दांडे. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा मिनिट बघा. मोठी गळती लगेच फेस काढते. बारीक गळतीचा मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगतो आणि घाईत नेमका तोच निसटतो. काम झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्या. काडी किंवा लायटर लावून गळती शोधायची नाही.

टाकीवरून रेग्युलेटर काढल्यावर तोंडातल्या रबरी वॉशरकडे बघा. तो चिरलेला, चपटा किंवा गायब असेल तर ती टाकी वापरू नका, एजन्सीकडून बदलून घ्या.

घरातला आणि गाडीतला गॅस यांत मोठा फरक हादऱ्यांचा आहे. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून एकदा चोर्ला किंवा अनमोड घाट केला की तांब्याच्या पाइपचे नट सैल व्हायला तेवढं पुरतं. घट्ट करताना एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर पाइपच पिळला जातो आणि नवी चीर पडते. पाइप दर अर्ध्या मीटरला क्लिपने धरलेला हवा. नळी स्टीलच्या जाळीची, नारिंगी ‘सुरक्षा’ नळीच असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर साल छापलेलं असतं, ते वहीत उतरवा.

दाबाची परीक्षा. बुडबुड्यांनी सापडत नाही अशी गळती यात सापडते. गॅस मेकॅनिकला सोबत घेऊन करा, आणि शेगडीच्या मागे एक टी-जोड व झडप कायमची बसवून घ्या म्हणजे दरवर्षी सोपं जातं.

लेव्हल पाइप फळीवर ‘यू’ आकारात बांधा, दोन्ही बाजू ६० सेंमी उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक टी-जोडाला लावा, दुसरं उघडं ठेवा. शेगडीचे नॉब बंद करून रेग्युलेटर सावकाश उघडा. घरगुती रेग्युलेटर दर चौरस सेंमीला ३० ग्रॅम दाब देतो, म्हणजे दोन बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंमीचा फरक पडला पाहिजे. काही जळत नसताना थोडा जास्त दिसेल. पाणी उसळून बाहेरच आलं तर रेग्युलेटर बिघडलाय.

आता रेग्युलेटर बंद करा, पाच मिनिटं थांबा, पेनने पाण्याची खूण करा आणि आणखी दहा मिनिटं थांबा. फरक कमी झाला तर कुठेतरी गळतंय. फरक वाढला तर बंद केलेला रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही, तो बदला. खूण हलली नाही तर पाइपलाइन निर्दोष. हे सकाळी लवकर किंवा सावलीत करा. पाइपवर ऊन पडलं की आतला गॅस प्रसरण पावतो आणि आकडा फसवतो.

टाकीचा कप्पा. तो राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद आणि तळातून बाहेर उघडा असला पाहिजे. युरोपातल्या कॅरॅव्हॅनच्या नियमात हे भोक कप्प्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के आणि १०० चौ. सेंमीपेक्षा कमी नाही असं सांगितलंय. तेच प्रमाण इथेही धरा. खानापूरच्या लाल मातीचा चिखल या जाळीवर थापला जातो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर कुंभारमाशी तिथे मातीचं घर बांधते. मग टाकी बदलताना सुटणारा थोडासा गॅस बाहेर जाण्याऐवजी पलंगाखालून आत येतो आणि अलार्म वाजतो. बर्नरचे जेटही कुंभारमाशी आणि कोळी बुजवतात. ज्योत निळीऐवजी पिवळी आली की जेट साफ करून घ्या, कारण पिवळी ज्योत मोनॉक्साइड करते.

## पायरी ४: डिटेक्टर बाहेर काढून बघा

गळती नाही हे पक्कं झालं की शोधाची दिशा ठरवणारी ही परीक्षा करा.

डिटेक्टर भिंतीवरून सोडवा. ७ एएचच्या सुट्या बॅटरीला फ्यूज लावून जोडा. गाडीपासून दहा-पंधरा पावलं लांब, झाडाखाली, स्वच्छ हवेत दोन तास ठेवा. सुरुवातीची काही मिनिटं तो तापत असतो, तेव्हाचा आवाज धरू नका.

- बाहेरही वाजला: यंत्र गेलंय. पायरी ९.
- बाहेर गप्प: तीच सुटी बॅटरी जोडून आता आत, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा.
- आत सुट्या बॅटरीवर वाजला: आतल्या हवेत काहीतरी आहे. पायरी ६, ७, ८.
- आत सुट्या बॅटरीवर गप्प, गाडीच्या वायरीवर वाजतो: दोष विजेचा. पायरी ५.

चार ओळींची ही परीक्षा न करता लोक थेट नवा डिटेक्टर आणतात आणि तोही तिसऱ्या रात्री वाजतो.

एक सापळा: गाडी पावसाळाभर मुख्य स्विच बंद करून उभी असेल तर सेन्सर थंड पडलेला असतो. तो पुन्हा स्थिर व्हायला पुरता एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. दसऱ्याला गाडी काढणार असाल तर दोन दिवस आधी डिटेक्टर चालू करा.

## पायरी ५: वीज तपासा

सेन्सर तापलेला राहण्यासाठी ठरावीक वीज लागते. ती कमी पडली की त्याची पातळी सरकते आणि तो उगाच वाजतो किंवा बिघाडाची टिकटिक करतो.

मल्टिमीटर डीसीवर लावून डिटेक्टरच्या स्क्रूवरच मोजा, बॅटरीवर मोजून समाधान मानू नका. पाण्याचा पंप, दिवे, इन्व्हर्टर चालू करून पुन्हा मोजा. बॅटरी आणि डिटेक्टर यांच्या आकड्यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड गंजलाय. प्लायवूडमागे नुसत्या पिळून टेप लावलेल्या वायरी हे नेहमीचं कारण. त्या कापून क्रिम्प करून घ्या, म्हणजे टोकांवर धातूची टोपी पक्कडीने दाबून बसवून घ्या. डिटेक्टरला फ्यूज पेटीतून स्वतःची वेगळी लाइन हवी.

लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी असताना १२.२ च्या आसपास, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. रात्रभर पंखे आणि फ्रिज चालवल्यावर पहाटे आकडा १२ च्या खाली असेल तर वहीतल्या अडीच वाजताच्या नोंदींचं उत्तर मिळालं. डिटेक्टर स्वतः दिवसाला साधारण २ एएच एवढीच वीज खातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

बाहेरची, म्हणजे हॉटेलच्या किंवा नातेवाइकांच्या अंगणातल्या प्लगची वीज जोडल्यावरच वाजत असेल तर चार्जरकडे बघा. स्वस्त चार्जर स्वच्छ डीसी देत नाही, त्यात एसीची थरथर मिसळलेली असते. मल्टिमीटर एसीवर लावून बॅटरीवर मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर चार्जर संशयित. मात्र अगदी स्वस्तातले पिवळे मल्टिमीटर एसीवर ठेवून डीसीला लावले तर खोटा आकडा दाखवतात. दोन्ही टोकं उलटी लावून बघा. एकीकडे मोठा आकडा आणि दुसरीकडे शून्य आलं तर चूक मीटरची.

## पायरी ६: बॅटरीतून निघणारा वायू

या भागातल्या स्वस्त बांधणीच्या गाड्यांत घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी सोफ्याखाली बसवलेली दिसते, आणि तिच्या हातभर अंतरावर गॅस डिटेक्टर. ही जोडी त्रास देणारच. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन सोडते. तो एलपीजीच्या डिटेक्टरला तर कळतोच, शिवाय मोनॉक्साइडचा डिटेक्टरही हायड्रोजनला मोनॉक्साइड समजून वाजतो. दोन्ही एकदम वाजले आणि चार्जिंग चालू असेल तर संशय आधी बॅटरीवर घ्या, पण माणसं बाहेर काढल्यावर.

चार्ज होताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. २५ अंश तापमानाला पाण्याच्या बॅटरीसाठी १४.४ च्या आसपास ठीक, भरल्यावर १३.५ ते १३.८ वर उतरायला हवं. १५ च्या वर गेलं तर पाणी उकळल्यासारखं वायू सुटतो. एप्रिलमध्ये बंद गाडीत सोफ्याखाली तापमान सहज चढतं, तेव्हा दर अंशामागे ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी द्यावं लागतं; सोलर कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा, कंट्रोलरला नाही.

कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो बऱ्याच जणांना गॅसचाच वाटतो. तो बॅटरीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि तो विषारी आहे. एखादा सेल शॉर्ट झाला की उरलेले पाच जास्त चार्ज होतात, बॅटरी हात लावू नये इतकी तापते. अशा वेळी बॅटरीची टोकं सोडवू नका, ठिणगी उडते. चार्जिंग बाहेरच्या प्लगवरून बंद करा, सोलर असेल तर पॅनल ताडपत्रीने झाका, दारं उघडा आणि बॅटरी थंड झाल्यावर वायरमनला बोलवा.

कायमचा उपाय: बॅटरीला झाकणाची पेटी, पेटीच्या वरच्या बाजूने गाडीबाहेर नेलेली नळी (हायड्रोजन हलका असतो, वर जातो), आणि डिटेक्टर तिथून लांब. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी घेतली तर चार्जिंगच्या वेळचा हा वायूच उरत नाही.

## पायरी ७: घरातल्या आणि वाटेवरच्या वाफा

डासांचा स्प्रे आणि डिओ. यांच्या डब्यात ढकलणारा वायू बहुधा ब्यूटेन-प्रोपेनच असतो. डिटेक्टर वाजला तर तो अक्षरशः एलपीजीच ओळखतोय. फवारा बाहेर उभं राहून मारा. डासांना मच्छरदाणी लावा.

अल्कोहोल. सॅनिटायझर, परफ्यूम, नेलपॉलिश काढायचं पाणी. आंबवायला ठेवलेलं डोशाचं पीठसुद्धा थोडी अल्कोहोलची वाफ सोडतं. पातेलं डिटेक्टरपाशी जमिनीवर ठेवलं तर तेवढं पुरतं. ओट्यावर, खिडकीजवळ ठेवा.

नवं फर्निचर. सनमायका चिकटवायचं सोल्युशन, थिनर, पॉलिश. गाडी नव्याने बांधून आली असेल तर पहिले काही आठवडे रोज दुपारी दारं-खिडक्या उघडून उन्हात उभी करा. उद्यमबागेत रंगकाम चालतं अशा शेडशेजारी गाडी रात्रभर ठेवली तरी वाफ आत येते.

सिलिकॉन. हे सगळ्यात फसवं. मृगाआधी छताच्या फटी बुजवायला लोक सिलिकॉनची ट्यूब वापरतात. तिच्या आंबट वाफेने अलार्म वाजतो, तिथवर ठीक. पण सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या पृष्ठावर थर करून त्याला कायमचं बोथट करू शकते. मग तो उगाच वाजायचा थांबतो आणि खऱ्या गॅसलाही गप्प राहतो. सिलिकॉनचं काम काढण्याआधी डिटेक्टर सोडवून हवाबंद पिशवीत घालून घरात ठेवा आणि ‘डिटेक्टर काढलाय’ असा कागद स्टिअरिंगवर चिकटवा. काम झाल्यावर दोन दिवस गाडी उघडी ठेवा.

उदबत्ती, धूप, कापूर. देव्हारा दाराजवळ हलवा.

उसाच्या हंगामातला धूर. चिकोडी, हुक्केरी, रायबाग भागात ऊसतोड सुरू झाली की गाडी कुठे लावता याला महत्त्व येतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी, पाचट पेटवलेल्या फडाच्या वाऱ्याखाली किंवा डिस्टिलरीच्या सांडपाण्याजवळ डिटेक्टर वाजणारच. सौंदत्तीच्या यल्लमा डोंगरावर किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत शेकडो चुली पेटलेल्या असतात. तिथे मोनॉक्साइडचा अलार्म आला तर धूर खरोखर आत येतोय. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चुलींपासून लांब मुक्काम हलवा. शेजारी कुणाचा जनरेटर चालू असेल तरी हेच.

फोडणी. तेल धुरावेपर्यंत तापवू नका, चिमणी किंवा खिडकी आधी उघडा. लायटर दोन-तीनदा मारूनही बर्नर पेटत नसेल तर नॉब बंद करून मिनिटभर थांबा. त्या काही सेकंदांत सुटलेला गॅस खरा गॅस असतो.

## पायरी ८: पाऊस आणि धूळ

जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी, कणकुंबी, आंबोलीच्या धुक्यात हवेतला ओलावा सेन्सरला अलार्मच्या रेषेजवळ ढकलतो. मग एरवी न वाजणारी थोडीशी वाफही पुरते. ओले कपडे आत वाळत घालू नका, वरची आणि खालची अशा दोन्ही खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. डिटेक्टर हेअर ड्रायरने तापवू नका.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. निपाणीकडे तंबाखूच्या हंगामात आणि उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर फिरत असाल तर महिन्यातून एकदा. ओलं फडकं, फिनेल, काच पुसायचा स्प्रे यांतलं काही डिटेक्टरवर मारू नका. धूळ उडवायचे हवेचे डबेही नकोत. त्यांतला वायूच अलार्म वाजवतो.

## पायरी ९: वय, जागा आणि नवी खरेदी

डिटेक्टरच्या पाठीवर तयार झाल्याची तारीख असते. एलपीजीचे बहुतेक डिटेक्टर पाच ते सात वर्षांनी बदलावे लागतात. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. विकत घेतल्याची तारीख धरू नका, दुकानातल्या फळीवरही त्याचं वय वाढतच असतं.

‘टेस्ट’ बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं. सेन्सर जिवंत आहे का, हे त्यातून कळत नाही.

नवा घेताना १२ व्होल्ट डीसीवर चालणारा, वाहनासाठी बनवलेला घ्या. घरचा २३० व्होल्टचा डिटेक्टर इन्व्हर्टरवर लावला तर इन्व्हर्टर बंद होताच तो आंधळा होतो. ऑनलाइन मिळणारे एमक्यू-६ सेन्सरचे सुटे बोर्ड शिकायला उत्तम आहेत, झोपलेल्या माणसांची राखण करायला नाहीत.

जागेचं गणित सोपं आहे. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून १५ ते ३० सेंमीवर, पण पायपुसण्याच्या ओलीत, दारामागच्या कोपऱ्यात किंवा शेगडीच्या अगदी खाली नाही. मोनॉक्साइडचा झोपताना डोकं असतं त्या उंचीला, पलंगाजवळ. दोन्ही कामं करणारी एकच डबी जमिनीलगत बसवण्यापेक्षा दोन वेगळे घेणं चांगलं.

## पायरी १०: परत बसवताना

डिटेक्टर जागेवर बसवा, वायर क्रिम्प करा, टेपवर भागवू नका. एक दिवस तापू द्या. मग गाडी अंगणातच ठेवून एक पूर्ण रात्र चाचणीची काढा: संध्याकाळी नेहमीचा स्वयंपाक, रात्री पंखे आणि फ्रिज चालू, खिडक्या नेहमीसारख्या, एक माणूस आत झोपलेला. रात्री झोपताना आणि पहाटे पाचला डिटेक्टरच्या स्क्रूवर व्होल्टेज मोजून वहीत लिहा. सकाळी चहा करताना फवाऱ्याची बाटली घेऊन रेग्युलेटर आणि नळीचे जोड पुन्हा बघा. दोन्ही आकडे १२ च्या वर आणि रात्र शांत गेली असेल, तर स्टिअरिंगवर ‘डिटेक्टर काढलाय’ असा कागद लावला असेल तो काढा.